नाव सांगू नये अशी वनस्पती

“या जगात विश्वास ठेवावा अशी एकच जात आहे, आणि ती म्हणजे वनस्पती!” ढुंढिराजशास्त्र्यांनी ओटीवर जमलेल्या मंडळींना सुनावलं. “माणूस फिरतो, राजा फिरतो, ग्रहदेखील वक्री होतात. वनस्पती मात्र आपल्या गुणाला जागते. वनस्पतीनं कुणाला दगा दिल्याचं ऐकलंय कधी?”

आतून सिंधुबाईंच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. आदल्या दिवशी शास्त्रीबुवांनी स्वतः पारखून, देठ मोडून पाहून बाजारातून अळू आणलं होतं, आणि त्या अळूनं रात्रीपासून सगळ्या घराचे घसे खवखवत होते. शास्त्रीबुवांचाही खवखवत होता. पण वक्त्याचं खाकरणं आणि अळू बाधलेल्या माणसाचं खाकरणं यातला फरक श्रोत्यांना कळत नाही, हा व्याख्यानाचा मोठाच फायदा आहे.

एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराचं नाशिक. स्टेशनाकडून गावात येणाऱ्या मोटारी टांगेवाल्यांचं गिऱ्हाईक पळवू लागल्या होत्या, आणि गावातले वैद्य दारावर पाट्या लावू लागले होते. ढुंढिराजशास्त्र्यांच्या पंचवटीतल्या घराला पाटी नव्हती. लागतच नव्हती. श्रावण-भाद्रपदात कुणाचे डोळे पिवळे दिसले की लोक आपण होऊन म्हणत, “रविवारी शास्त्रीबुवांकडे जा.”

रविवारी सकाळी उपाशीपोटी यायचं, ओटीवर पूर्वेकडे तोंड करून बसायचं, ताकात कालवलेला हिरवा कडू गोळा डोळे मिटून गिळायचा आणि घरी जाऊन तेलतूप सोडायचं. दक्षिणा द्यायची नाही आणि औषधाचं नाव विचारायचं नाही. हे दोन्ही नियम शास्त्रीबुवांच्या पणजोबांनी घालून दिलेले. त्यातला पहिला शास्त्रीबुवा नाइलाजानं पाळत, दुसरा मात्र डोळ्यात तेल घालून जपत. कारण नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात त्यांना जवळ बोलावून ते नाव कानात सांगितलं होतं, आणि लगेच दाराकडे बोट दाखवून विचारलं होतं, “तिकडे कोण उभं आहे?” दाराशी कुणी नव्हतं. पण वारसा दोन्ही गोष्टींचा मिळाला, औषधाचा आणि संशयाचा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला सध्या कावीळ नसेल, तर नाव सांगायला हरकत नाही. ती होती भुईआवळी.

खरी अडचण तिथंच होती. औषध हिमालयात उगवणारं असतं तर लपवायला काही कष्ट पडले नसते. हिमालय आपण होऊनच लपलेला आहे. पण भुईआवळी ही पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीपाशी, उकिरड्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, जिथं पाय ठेवाल तिथं उगवते. चिंचेसारखी बारीक पानं, पानांच्या खाली लपलेल्या मोहरीएवढ्या आवळ्या. जी वस्तू सगळ्यांना दिसते ती सगळ्यांपासून लपवण्यात शास्त्रीबुवांची उमर गेली होती.

त्यांच्या स्वतःच्या परसात ती गुडघ्याला लागेल इतकी माजली होती. सिंधुबाई दर वर्षी म्हणत, “अहो, ते रान एकदा उपटून टाकवा. विंचूकाट्याचं भय.” शास्त्रीबुवा ऐकत नसत. उपटून फेकली तर फेकताना कुणीतरी बघणार. उपटून घरात नेली तर नक्कीच बघणार. तिच्याकडे ढुंकूनही न पाहणं हाच उत्तम उपाय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि परसात गेले की ते मान वळवून आकाशाकडे बघत चालत. त्यामुळे विहिरीच्या काठाला ठेच लागून त्यांचा अंगठा दर पावसाळ्यात एकदा तरी फुटे.

शिवाय घराजवळची, रस्त्याकडेची, स्मशानातली वनस्पती औषधाला घेऊ नये असं शास्त्र आहेच. म्हणून शास्त्रीबुवा शनिवारी संध्याकाळी गावाबाहेर जात. शास्त्राप्रमाणे वनस्पतीला आदल्या दिवशी आमंत्रण द्यावं लागतं. तिच्यापुढे अक्षता आणि सुपारी ठेवायची, दोरा गुंडाळायचा, हात जोडून म्हणायचं, “बाई गं, रोग्याच्या कामासाठी उद्या तुला न्यायला येतो, रागावू नकोस.” मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला, कुणाशी न बोलता, आपली सावली तिच्यावर न पाडता ती उपटायची. लग्नाच्या मुलीलाही एवढ्या मानानं नेत नाहीत. शास्त्रीबुवा एका शनिवारी सोमेश्वराकडे जात, दुसऱ्या शनिवारी मखमलाबादेकडे, तिसऱ्या शनिवारी भलत्याच दिशेनं निघून अर्ध्या वाटेवर वळत. घरी आणलेली जुडी ते दार लावून स्वतः वाटत आणि उरलेला चोथा गोदावरीत सोडत.

तर त्या रविवारी अळूच्या खवखवीतून व्याख्यान चाललं असताना ओटीवरच्या रोग्यांमध्ये मोतीरामशेट बसले होते. धान्याचे व्यापारी, देह भारदस्त, डोळे हळदीसारखे पिवळे. गोळा हातात आला तसा त्यांनी तो नाकाशी नेला, उलटसुलट केला आणि विचारलं,

“वनस्पतीवर विश्वास ठेवायला आपली ना नाही, शास्त्रीबुवा. नाव काय तिचं?”

ओटीवरचे रोगी एकमेकांकडे बघू लागले.

“नाव विचारायचं नसतं, शेट. नाव सांगितलं की गुण जातो.”

“बुवा, मी धान्याचा व्यापारी आहे. पोत्यात काय असतं आणि पोत्यावर काय लिहिलेलं असतं, दोन्ही मला ठाऊक आहे. इथं तर पोत्यावर काहीच लिहिलेलं नाही.”

“म्हणून तर ते खरं!” शास्त्रीबुवा म्हणाले.

मोतीरामशेटांनी गोळा परत पानावर ठेवला, काठी उचलली आणि ते पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी वेणीमाधव वैद्यांचं औषध सुरू केलं. वेणीमाधवांच्या दारावर पाटी होती. पाटीवर ‘आयुर्वेदभास्कर’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली उगवता सूर्य काढला होता. रंगाऱ्यानं तो काढताना थोडा खाली काढल्यामुळे तो मावळता वाटे.

त्या दिवसापासून शास्त्रीबुवांच्या डोक्यात संशयाची चूल धगधगू लागली. एवढा मोठा माणूस भर ओटीवर नाव विचारतो, म्हणजे त्याला कुणीतरी पढवलेलं असणार. पढवणारा वेणीमाधवच. आणि वेणीमाधवाला आतली बातमी पुरवणारा कोण? तो शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तो त्यांच्या मागेच होता.

त्याचं नाव खाजा टांगेवाला. शास्त्रीबुवांच्या परसाला लागूनच त्याचं घर आणि घोडीचा गोठा. गेले कितीतरी दिवस शास्त्रीबुवा घाटावर निघाले की खाजा मागून येई. देवळातून परतले की खाजा कोपऱ्यावर उभा. हातात मोडक्या काडीची छत्री, तोंडावर काहीतरी बोलायचंय असा भाव.

“शास्त्रीबुवा, जरा थांबा ना. एक विचारायचं होतं—”

“काही विचारू नकोस! सांगितलं की गुण जातो!”

“नाही बुवा, तसली गोष्ट नाही. छोटीशी—”

पण शास्त्रीबुवा तोवर पुढचं वळण ओलांडून गेलेले असत. त्यातून वेणीमाधव रोज खाजाच्याच टांग्यातून फिरत. हे पाहिल्यावर शास्त्रीबुवांनी पुराव्याची फाइल मनातल्या मनात बंद करून टाकली. वेणीमाधवांच्या आळीत दुसरा टांगा नव्हता, हा मुद्दा त्यांनी फाइलीला जोडला नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ते म्हसरूळच्या वाटेनं निघाले. आभाळ भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. ओढा ओलांडून त्यांनी हळूच मागे पाहिलं. लांबवर एक छत्री वर-खाली होत येत होती. पाऊस नसताना उघडलेली छत्री ही चेहरा लपवण्यासाठीच असते, हे कुणीही सांगेल. (खाजाची छत्री एकदा उघडली की मिटत नसे, ही गोष्ट निराळी.)

शास्त्रीबुवा क्षणभर थबकले आणि मग त्यांच्या मिशीत हसू उमटलं. चोराला चोरायचंच आहे ना? मग चोरू दे!

वाटेच्या कडेला घाणेरीचं एक दांडगं झुडूप माजलं होतं. खरखरीत पानं, बारीक काटे, पिवळी-केशरी फुलं आणि वास असा की बकरीसुद्धा नाक मुरडून पलीकडून जाते. जगातली सर्वांत निरुपयोगी वनस्पती म्हणून शास्त्रीबुवांनी तिची मुद्दाम निवड केली. तिच्यापुढे त्यांनी बैठक मारली. अक्षता ठेवल्या, चांगली दोन मुठी. सुपारी ठेवली. लाल दोरा नुसता बांधला नाही, सात वेढे दिले. कुंकू वाहिलं. नेहमी ओठांतल्या ओठांत म्हणायचं आमंत्रण, ते असं खड्या आवाजात म्हटलं की शेतातले बगळे उडाले. शेवटी साष्टांग नमस्कार घातला. तो घालताना पोटाला काटे लागले, पण शत्रूला बनवायचं तर थोडं सोसावं लागतं.

परतताना अंधुक उजेडात त्यांनी एका बांधावर जोडा नीट करायच्या निमित्तानं वाकून, चार अक्षता टाकून, खऱ्या भुईआवळीला खऱ्या आमंत्रणाचे दोन शब्द पुटपुटले. घाणेरीला मिळालेला मान पाहता भुईआवळीला ते जरा तुटकच वाटले असतील.

रविवारी उजाडता ते पुन्हा तिथं गेले. बांधावरची भुईआवळी उपटून धोतराच्या ओच्यात दडवला आणि मुद्दाम घाणेरीपाशी चक्कर टाकली. म्हसरूळची बयाबाई डोक्यावर पाटी घेऊन शेताकडे निघालेली, ती झुडपापुढे हात जोडून उभी होती. तांब्यातलं पाणी ओतून झालं होतं, वर फडक्यातली अर्धी भाकर ठेवलेली होती. शास्त्रीबुवांनी मौन धरलेलं, त्यामुळे ते बोलले नाहीत. बोलली तीच.

“देव बसलाय, बामण बाबा. राती कुनीतरी मोठा मानूस पूजा करून गेलाय म्हनं. लय जागृत हाय.”

झुडपाची एक बाजू मात्र कुणीतरी पार ओरबाडून नेली होती. नुसते काटे उरले होते. शास्त्रीबुवांना एवढा आनंद झाला की मौनातच त्यांनी एक उडी मारली. मासा गळाला लागला होता.

ते घरी आले तर ओटी रिकामी. रविवार, श्रावण महिना, आणि काविळीचा एक रोगी नाही! फक्त सिंधुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“अगं, मंडळी कुठं गेली?”

“वेणीमाधवांकडे. तुमचंच औषध तिथं मिळतंय म्हणे. काल खाजा टांग्यात त्यांना बोलला, शास्त्रीबुवा घाणेरीची पूजा करत होते. पोरानं काळजीनं विचारलं हो, की बुवांच्या डोक्याला काही झालंय का? तर वेणीमाधवांनी टांगा तिथंच थांबवला. पहाटे पोतं भरून घाणेरी आणली आणि पाट्यावर वाटायला घेतलीय. पहिला पेला मोतीरामशेटांना.”

“उत्तम!” शास्त्रीबुवा पाटावर बसले. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. “पिऊ दे! घाणेरीचा रस पिऊ दे! आज संध्याकाळपर्यंत त्या भास्कराचा अस्त होतो की नाही बघ. मी आता या जागेवरून हलणार नाही.”

ते हलले नाहीत, पण मन हललं. त्यांना आठवलं की लहानपणी दुष्काळी वर्षात गावातल्या एका खिल्लारी बैलानं चारा नाही म्हणून घाणेरी खाल्ली होती. त्याचे डोळे आधी पिवळे झाले, मग हिरड्या पिवळ्या झाल्या, मग तो उठलाच नाही. धडधाकट बैलाला कावीळ करणारी वनस्पती आधीच पिवळ्या झालेल्या मोतीरामशेटांच्या पोटात जाणार होती. आणि तिला आमंत्रण दिलं होतं ढुंढिराजशास्त्र्यांनी.

गप्प बसलं तर शत्रू बुडणार, नाव गुप्त राहणार, आणि मोतीरामशेट बहुधा मरणार. बोलायला गेलं तर “मग खरं औषध कोणतं?” हा प्रश्न येणार. चार पिढ्यांचं गुपित. वडिलांचं ते दाराकडे दाखवलेलं बोट.

“मोतीरामशेटांची बायको मघाशी इथं येऊन गेली,” सिंधुबाई म्हणाल्या. “तुम्ही नव्हता. म्हणाली, आमचे हे फार वाद घालतात, पण बुवांनी राग धरू नये.”

शास्त्रीबुवा उठले. “टांगा! कुणीतरी टांगा बोलवा!”

आळीत टांगा एकच उभा होता. छत्री उघडीच होती.

“चल! वेणीमाधवाकडे!” शास्त्रीबुवा धडपडत चढले. ज्याच्यापासून श्रावणभर पळत होते, त्याच्याच पाठीला पाठ लावून बसायची वेळ आली.

“बसा बुवा. आज निवांत भेटलात,” खाजा घोडीला चुचकारत म्हणाला. “एक विचारायचं होतं—”

“आधी हाण! माणूस मरतोय!”

“हाणतो की. घोडीला पाऊस मानवत नाही बुवा, त्याचंच जरा—”

“घोडी मेली तर दुसरी घेऊन देतो! हाण!”

खाजा दुखावला. पण त्यानं हाणलं.

वेणीमाधवांचं अंगण माणसांनी भरलं होतं. पितळी पेला मोतीरामशेटांच्या ओठांपाशी पोचला होता. आतल्या रसाचा उग्र वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता, आणि लोक “कडू औषधच खरं औषध” असं एकमेकांना समजावत नाक दाबून उभे होते.

“थांबा, शेट! पिऊ नका! विष आहे ते!”

पेला थांबला. वेणीमाधवांनी शांतपणे उपरणं सावरलं.

“या, शास्त्रीबुवा. आपलं औषध दुसऱ्यानं दिलं की विष होतं वाटतं?”

“हे माझं औषध नाही!”

“मग काल संध्याकाळी साष्टांग नमस्कार कुणाला घातलात? सात वेढे दोरा कुणाला बांधलात?”

“तुम्हाला फसवायला!”

अंगणात खसखस पिकली. “बुवा, बुवा,” एक म्हातारा म्हणाला, “लपवायचं तरी किती! पकडले गेलात की आता.”

शास्त्रीबुवांनी बैलाची गोष्ट सांगितली. त्याच्या हिरड्यांचा रंग सांगितला. लोकांनी माना डोलावल्या, पण त्या माना “काय बनवाबनवी आहे!” असं म्हणणाऱ्या होत्या. तेव्हा मोतीरामशेटांनी पेला खाली न ठेवता आपल्या पिवळ्या डोळ्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

“सरळ सौदा करू, बुवा. हे तुमचं नसेल तर तुमचं कोणतं ते नाव घेऊन सांगा. नाहीतर मी हे प्यालो.”

शास्त्रीबुवांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. पणजोबा बहुधा तिथंच असावेत. घशातली अळूची खवखव कधीच थांबली होती, तरी ते खाकरले.

“भुईआवळी,” ते म्हणाले.

मग कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

“भुईआवळी! अहो, ती आमच्या मोरीपाशी आहे!”

“आमच्या उकिरड्यावर!”

“चार पिढ्या जपलेलं औषध आणि म्हणे भुईआवळी! निदान अस्वलाचं पित्त तरी सांगायचं!”

नाव लपवताना ज्या माणसावर लोकांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, त्याचं पहिलं खरं कुणालाच पटेना. शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. मोतीरामशेटांनीही मान हलवली. पण व्यापारी तो व्यापारी. माल आधी दुकानदाराला चाखायला लावायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत.

“वैद्यराज,” त्यांनी पेला वेणीमाधवांपुढे धरला, “एक घोट तुम्ही घ्या. मग मी घेतो.”

वेणीमाधवांनी पेल्याकडे पाहिलं. मग शास्त्रीबुवांच्या तोंडाकडे. बैल त्यांच्याही डोळ्यांपुढे उभा राहिला असावा.

“आज श्रावणी रविवार. माझं आदित्याचं व्रत असतं.”

“औषधानं व्रत मोडत नाही! शास्त्रवचन आहे!” शास्त्रीबुवा ओरडले. त्या दिवशी त्यांचं एवढंच वाक्य सर्वांना एकदम पटलं.

“मला कावीळ नाही,” वेणीमाधव म्हणाले.

“म्हणून तर म्हणतो. निरोग्याला काय भय?” शेट म्हणाले.

वेणीमाधवांना त्याच क्षणी घरात कुणीतरी हाक मारल्याचं ऐकू आलं. बाकी कुणाला ऐकू आलं नाही. ते आत गेले. मोतीरामशेटांनी पेला सांभाळून ओट्यावर ठेवला आणि धोतराला हात पुसले. लोक तिथून एकेक करून असे पांगले, जणू ते वाटेनं जाताना सहज डोकावले होते. रस शेवटी पन्हळीच्या खाली ओतण्यात आला. तिथलं अळू पुढे फार जोमानं आलं म्हणतात.

शेट शास्त्रीबुवांबरोबरच टांग्यात बसून त्यांच्या घरी आले. पूर्वेकडे तोंड करून बसले. गोळा हातात घेऊन त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“आता इथं कुणी नाही. खरं काय ते सांगा.”

“भुईआवळी.”

“बरं, बरं. नका सांगू,” शेट म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच समाधानानं डोळे मिटून गोळा गिळला. ज्या माणसाला असं खोटं बोलता येतं त्याचं गुपित अस्सल असणार, अशी त्यांची खात्री पटली होती.

यथावकाश त्यांची कावीळ उतरली. ती भुईआवळीनं उतरली, ताकभातानं उतरली की घाणेरी प्यालो असतो या धसक्यानं उतरली, यावर पंचवटीत तीन पक्ष पडले.

शास्त्रीबुवा मात्र एका निराळ्याच पेचात होते. नाव सांगितलं की गुण जातो, हे शास्त्र. पण सांगितलं आणि कुणी मानलंच नाही, तर ते सांगितलं असं धरायचं की नाही? पुढचा रविवार येईपर्यंत त्यांना नीट झोप लागली नाही. रविवारी दार उघडलं तर ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भर सभेत शत्रूला गुंगारा देऊन भलतंच नाव फेकणारा वैद्य म्हणून त्यांची कीर्ती चौफेर पसरली होती. गावात भुईआवळीचं एक पान कुणी तोडलं नव्हतं. उलट दोघातिघांनी, “बुवांनी मुद्दाम नाव घेतलंय, म्हणजे हिला हातसुद्धा लावू नये,” म्हणून आपल्या मोरीपाशी कुंपण घातलं होतं.

“काय माणसं आहेत!” दुपारी शास्त्रीबुवा सिंधुबाईंना म्हणाले. “कुणाचा कुणावर विश्वास म्हणून नाही. आणि तूसुद्धा! इतक्या वर्षांनी नाव ऐकलंस, तर तोंडातून एक शब्द नाही. आश्चर्यसुद्धा वाटलं नाही?”

“कसलं आश्चर्य? तुम्ही दार लावून वाटता, पण पाटा मीच धुते ना,” सिंधुबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

शास्त्रीबुवा उठून परसात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आकाशाकडे न बघता खाली पाहिलं. पडवीच्या पुढ्यात भुईआवळी गुडघाभर माजली होती, पानांखाली इवल्या आवळ्या लोंबत होत्या. चार पिढ्या जपलेलं रहस्य वाऱ्यावर डुलत होतं. त्यांना तिच्याबद्दल एकाएकी माया दाटून आली.

कुंपणापलीकडे छत्री दिसली.

“बुवा, आता तरी ऐकता का?” खाजानं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. “विचार,” शास्त्रीबुवा म्हणाले. “काय विचारायचं ते विचार. तूच एक राहिलास. तुझाही विश्वास बसला नसेलच.”

“का नाही बसणार? तुम्ही स्वतः सांगितलंत, भुईआवळी. तुम्ही कशाला खोटं बोलाल?”

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या नाशकात त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा एक माणूस निघाला, आणि श्रावणभर ते त्याच्याच पुढे पळत होते. त्यांनी कुंपणावरून हात पुढे करून त्याचा हात धरला.

“माग खाजा, काय हवं ते माग!”

“माझ्या गोठ्याचं छप्पर गळतंय बुवा, घोडी भिजते,” खाजा म्हणाला. “तुमच्या या पडवीत पावसाळाभर बांधीन म्हणतो. तेवढी ही भुईआवळी उपटून फेकू का?”